शेवंताचा कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी साधी दाढ ठणकली तरी दिवसातून चारदा बातमी देत असे. मी मुळातच बडबड्या माणूस. याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं महाडच्या बाजारात माझ्याबद्दल म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पण हा एक तीळ भिजला, फुगला, कुजला — तरी बाहेर पडला नाही. आज तुम्ही समोर आहात, मला थांबवत नाही आहात, तेव्हा बोलून टाकतो.

पण आधी टाक्या आल्या तो दिवस सांगू द्या. तो आठवला की या वयातही माझे पाय जमिनीवर राहत नाहीत!

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. आठ खाटा, एक औषधाची खोली आणि त्या खोलीत मी, कंपाउंडर. एके सकाळी मुंबईहून ट्रक आला आणि त्यातून प्राणवायूच्या तीन टाक्या उतरल्या. लोखंडी, माझ्या छातीपर्यंत उंच, चौघांना रेटवत नव्हत्या. अर्धा बाजार बघायला लोटला. आत वारा कोंडलेला आहे हे कळल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, वाराच पायजे तर वर घाटात फुकट हाय की, मुंबईसून कशाला आणलात? सगळे हसले. डॉक्टरांनी चावी फिरवली, रबराच्या नळीतून हवा काचेच्या बाटलीतल्या पाण्यात शिरली आणि बुडबुडे सुटले — मी टाळ्या वाजवल्या हो! तोवर न्युमोनियाचा माणूस आला की आम्ही पेनिसिलिन टोचायचो आणि त्याची छाती वरखाली होताना बघत बसायचो. आता आमच्या हातात काहीतरी होतं.

आता प्रश्न असा, की टाकी उघडायची कधी? आणि बंद कधी करायची? तीन टाक्या संपल्या की पुढचा ट्रक येईपर्यंत देवाचं नाव. माणसाच्या रक्तात प्राणवायू किती उरला आहे हे मोजायला आमच्याकडे काहीही नव्हतं. नखं होती.

डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना उभं करून शिकवलं. म्हणाले, गोऱ्यांच्या पुस्तकात गाल बघा असं लिहिलंय; आपल्या माणसांचे गाल बघून काय कळणार? नखं बघा. जीभ उचलून खाली बघा. आधी नख धुऊन घ्या, कारण भातलावणीचा चिखल आणि हळद दोन्ही फसवतात. आपलं नख त्याच्या नखाशेजारी धरा, आणि तेही खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. कंदिलाच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं. मग त्यांनी एक वही काढली. दर तासाला नोंद करायची, चारच शब्द ठरवले — गुलाबी, निळसर, निळी, काळपट. त्या शब्दांवरून टाकीची चावी फिरणार. आणि ती वही त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या हातात दिली.

आणि मला ते रंग दिसत नव्हते.

आंधळा नव्हतो हो मी. आभाळ निळं दिसे, हळद पिवळी दिसे. पण गुलाबी आणि जांभळट यांच्यात लोकांना जो फरक दिसतो, तो माझ्यासाठी नव्हताच. लाल-हिरव्याचाही तोच घोळ. लहानपणी कोकमाचे रातांबे काढायला झाडावर चढलो की मी कच्चेच तोडून खाली टाकायचो, आणि आई खालून ओरडायची, मेल्या, डोळे आहेत का बटणं? मोठेपणी मी ते लपवायला शिकलो. औषधं मी वासाने, चिठ्ठीने आणि फळीवरच्या जागेने ओळखत असे. एकही चूक कधी झाली नाही. मग त्या दिवशी का बोललो नाही? एक वाक्य होतं — डॉक्टर, मला हे जमणार नाही. रंग न कळणाऱ्या कंपाउंडरच्या हातचं औषध कोण घेईल, ही भीती होती, हे खरं. पण अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मला ती वही हवी होती.

आता शेवंता. ती आमच्याकडे आया होती, म्हणजे झाडणं, भांडी उचलणं, रुग्णांना पुसून काढणं. पोलादपूरच्या वर डोंगरात कुठल्याशा वाडीची. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर माझ्याहून सुरेख. नवरा मुंबईला गिरणीत गेला, पत्रं थांबली, आणि मग त्याने तिकडे दुसरं घर केल्याची बातमी आली. सहा-सात वर्षांची मुलगी होती, कुंदा. ती वाडीवर मामाकडे वाढत होती आणि मामी तिला घास मोजून वाढत होती. शेवंता स्वतः दवाखान्याच्या मागच्या पडवीत झोपायची. तिथे पोर कुठे आणणार?

वही मिळाल्याच्या दुसऱ्याच सकाळी दम्याचा एक म्हातारा खाटेवर होता आणि मी त्याचं बोट धरून खिडकीपाशी उभा. बघतोय, बघतोय. काही नाही. डॉक्टर बाहेर गेलेले. शेवंता शेजारची चादर बदलत होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — शेवंता, इकडे ये. शिकायचंय ना तुला? सांग बघू, हे नख कसं आहे?

तिने पदराला हात पुसले, वाकून बघितलं. "निळसर वाटतंय, भाऊ."

मी मोठ्या गंभीरपणाने नख न्याहाळलं, मान हलवली आणि वहीत लिहिलं — निळसर.

असं दोन वर्षं चाललं. तुमच्या लक्षात येतंय ना? मी परीक्षक, ती विद्यार्थिनी, आणि पेपर माझा कोरा. तिला वाटे, भाऊ एवढा वेळ काढून आपल्याला शिकवतात. आणि काय नजर होती तिची! चार शब्द तिला पुरत नसत. हे निळसर हाय पण सकाळपेक्षा बरं, म्हणायची. हे गुलाबी हाय पण कडेने उतरायला लागलंय, तासाभराने परत बघा. आणि तासाभराने नेमकं तसंच होई! मला त्याचा आनंद व्हायचा, अगदी खरा आनंद. कुणाचं श्रेय आपण घेतोय हे त्या भरात आठवतसुद्धा नसे.

कापडे गावच्या तुळसाबाईचं ऐका. भाद्रपदातली गोष्ट. पोलादपूरपर्यंत डोलीतून आणि पुढे ट्रकातून तिला आणली. छातीत कफ, अंगात सणकून ताप. डॉक्टर कोर्टात साक्षीला गेलेले. टाकी एकच उरलेली, ट्रक दोन दिवसांनी येणार, आणि तोच दम्याचा म्हातारा पुन्हा आमच्याकडे येऊन पडलेला. उगाच उघडली तर तो जाईल, नाही उघडली तर कदाचित ही. नवरा म्हणाला, ओठ तर लाल हायत सायेब, बरी हाय ती. मी ओठांकडे बघत राहिलो. शेवंताने ओलं फडकं घेतलं, बाईचे ओठ पुसले, जीभ वर उचलली.

"ह्यो पानाचा रंग हाय, भाऊ. खाली बघा. जांभळं खाल्ल्यागत जीभ झाली हाय, न् आता जांभळं कुठली?"

मी बघितलं. मला जीभ दिसली. म्हणालो, शाब्बास, मीही तेच बघत होतो. आणि चावी फिरवली.

काय तास होता तो! शेवंता बाईचं बोट उजेडात धरून बसलेली, मी बाटलीतले बुडबुडे बघत उभा, नवरा उंबऱ्यात उकिडवा बसून देव आठवतोय. मग शेवंता हळूच म्हणाली, आली भाऊ, गुलाबी आली. मी औषधाच्या खोलीत जाऊन दार लावून नाचलो, खरंच नाचलो. डॉक्टर आले, वही वाचली आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चार दिवस ती मला जाणवत होती. तुळसाबाईचा नवरा माझ्या पाया पडला. शेवंता भांडं घेऊन बाजूला उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा अभिमान होता. ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटली, आमच्या भाऊंच्या नजरेतून काय सुटत नाय. पुढे पोलादपूरकडची माणसं यायची ती थेट मला शोधत. कंपौंडरच्या डोळ्यात यंत्र हाय, असं बोललं जाऊ लागलं.

यंत्रावरून आठवलं. एकदा डॉक्टरांनी कुठल्याशा मासिकात वाचून सांगितलं, की परदेशात कानाच्या पाळीला दिवा लावतात आणि रक्तात प्राणवायू किती ते काट्यावर दिसतं. मी उडालोच. काट्यावर? म्हणजे आकडा? सरळ आकडा? दर महिन्याला मी त्यांना विचारायचो, ते यंत्र मुंबईत आलं का? ते पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, याला विज्ञानाचं फार वेड. वेड कसलं — आकड्याला रंग नसतो, एवढंच मला कळलं होतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. येतोय, टाळत नाही.

तिसऱ्या वर्षी जिल्ह्याहून कागद आला. अलिबागला नर्सच्या हाताखालचं दीड वर्षाचं शिक्षण, राहण्याजेवणाची सोय, परत आल्यावर कायमची नोकरी आणि राहायला खोली. महाड आणि पोलादपूर मिळून जागा एक. डॉक्टरांनी शेवंताला विचारलं तेव्हा ती तशीच धावत माझ्याकडे आली. खोली मिळंल भाऊ, म्हणाली, कुंदाला आणता येईल. तिने पोरीसाठी दप्तर शिवायलाही घेतलं. दवाखान्याच्या जुन्या पडद्याचं कापड होतं, दुपारी जेवून झालं की टाके घालत बसायची.

आणि मी? मी पहिल्यांदा काय विचार केला असेल? ती गेली, तर वहीत लिहायचं काय?

डॉक्टर न्यायी माणूस. शिफारस करायची तर खात्री हवी. मला म्हणाले, "अहो, तुमची नजर म्हणजे आपलं माप. आठवडाभर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर नोंद करा. तुमच्याशी तिची जुळली, की मी डोळे झाकून सही करतो." तेव्हा तरी बोलायचं होतं. माप खोटं आहे, डॉक्टर, ती तीनशे वेळा पास झालेली आहे. ओठांपर्यंत आलं — आणि मी म्हणालो, उत्तम कल्पना आहे.

पहिला दिवस मी अंदाजाने लिहिलं, श्वास मोजून, नाकपुड्या बघून. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला गेली आणि तिचा कागद कापसाच्या डब्याखाली तसाच राहिला. घडीसुद्धा घातलेली नव्हती. माझ्यापासून काही लपवायचं असतं, हे तिच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मी कागद ओढला. सुरेख अक्षरात तास आणि रंग, तास आणि रंग.

आता नीट ऐका, कारण हेच ते. तिचं बघून तसंच उतरवलं असतं, तर ती अलिबागला गेली असती. कागद बघितलाच नसता आणि अंदाजाने लिहीत राहिलो असतो, तर काही जुळलं असतं, काही चुकलं असतं, आणि मी स्वतःला सांगू शकलो असतो की नशीब तिचं. मी यातलं काहीच केलं नाही. त्या दुपारी आणि पुढे रोज, तिचा कागद समोर ठेवून मी तिच्यापेक्षा वेगळं लिहिलं. तिचं निळसर तिथे माझं गुलाबी. तिचं गुलाबी तिथे माझं निळसर. तिचं बरोबर आहे हे माहीत असताना. सगळीकडे नाही हं, तेवढा मूर्ख नव्हतो. डॉक्टर स्वतः फेरीला येत त्या वेळा मी तंतोतंत जुळवल्या. उतार पडलेले रुग्ण निवडले, दुपारच्या वेळा निवडल्या, म्हणजे कुणाच्या जिवाला धोका नको. बघा, किती विचार करून केलं! आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला त्यात गंमत वाटायला लागली होती — एखादं कोडं सुटत जावं तशी. हेही सांगून टाकलं.

रविवारी डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. जवळजवळ निम्म्या नोंदी जुळत नव्हत्या. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. त्यांनी शेवंताला बोलावून कागद दाखवले, आणि मी औषधाच्या खोलीत बाटल्या पुसत राहिलो. जागा दुसऱ्या गावच्या एका बाईला गेली.

संध्याकाळी शेवंता माझ्या दारात आली. रडली नव्हती. म्हणाली, "माझीच नजर कमी पडली, भाऊ. तुम्ही एवढं शिकवलंत, नाय जमलं मला. पण मला टाकू नका, अजून शिकवा."

मी म्हणालो, शिकवीन.

यात मला काय मिळालं, विचाराल? सांगतो, कारण हेही कळायला हवं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं विचारलं, सांग बघू. ती बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, मला निळसर वाटतंय, पण माझं काय खरं नाय भाऊ, तुम्हीच बघा. रोज तसंच. एकाच नखाला आधी निळसर म्हणायची, मग माझ्या तोंडाकडे बघून, नाय, गुलाबी असंल. ज्या डोळ्यांसाठी मी हे केलं, ते डोळेच मी घालवून बसलो. मी कितीदा म्हणालो, अगं तुझं पहिलंच खरं! तिला वाटे, भाऊ मन राखतायत.

दोन महिन्यांनी मी डॉक्टरांना सांगितलं की मला बारीक दिसेनासं झालंय, चष्मा लागलाय, वही दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी हळहळून ती नुकत्याच रुजू झालेल्या नर्सबाईंकडे दिली. झालं. एवढं सोपं होतं. कुणी हसलं नाही, नोकरी गेली नाही, माझी कीर्तीही जागच्या जागी राहिली. लोक म्हणत, आता नजर अधू झाली हो त्यांची, पण काय दिवस होते! चष्मा लागलाय, हे माझं वाक्य मी त्या आठवड्याआधीही म्हणू शकलो असतो.

शिमग्यानंतर शेवंताने काम सोडलं. कुंदाला घेऊन मुंबईला गेली; तिथे बाटल्या धुवायच्या एका कारखान्यात लागल्याचं कुणीतरी सांगितलं. मी डॉक्टरांपाशी तेव्हाही बोललो नाही. ते वारले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून होतो, तेव्हाही नाही.

आठ-नऊ वर्षांनी ती मला महाडच्या एसटी स्टँडवर दिसली. भावाकडे कार्याला चालली होती, पोलादपूरच्या गाडीत खिडकीपाशी बसलेली. तिने आधी ओळखलं. भाऊ, भाऊ करत हाक मारली, खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. मला इतका आनंद झाला — विश्वास ठेवा, पहिली भावना आनंदाचीच होती. शेजारी कुंदा बसलेली, सतरा-अठरा वर्षांची, आईसारखंच कपाळ. शेवंता तिला म्हणाली, पाया पड गो, यांनी मला दवाखान्यातलं सगळं शिकवलं. गाडीत बसून पाया कशी पडणार, पोरीने हात जोडले.

मी विचारलं, कुंदा काय करते? शेवंता म्हणाली, "माझ्याच कारखान्यात लावली. तिला नर्स व्हायचं व्हतं, बाईंनी शाळेतून फारम पण आणलेला. मीच नको बोलले. माझे डोळे तिच्यात उतरले असतील तर? उगा कुणाच्या जिवाशी खेळ. बरं केलं ना मी, भाऊ?"

कुंदाने तोंड दुसरीकडे वळवलं. ड्रायव्हर अजून चढला नव्हता. वेळ भरपूर होता — चार वाक्यांना किती लागतो?

मी म्हणालो, "बरं केलंस."